नऊशे नव्व्याण्णव किलोची माणसं

हेमांगी सबनीस नेमकं काय काम करते, हे तिच्या सख्ख्या भावालाही धड सांगता येत नसे. "काहीतरी कॉम्प्युटरचं," एवढं बोलून तो पाहुण्यांसाठी चहा टाकायला उठायचा. खरं तर काम समजायला अवघड नव्हतं. एका संस्थेचं सॉफ्टवेअर दुसऱ्या संस्थेच्या सॉफ्टवेअरला दिवसभर निरोप धाडत असतं. इस्पितळ प्रयोगशाळेला, प्रयोगशाळा रक्तपेढीला, रक्तपेढी राज्याच्या रक्तजाळ्याला, म्हणजे राज्यभरच्या रक्तदात्यांच्या सामाईक नोंदवहीला. निरोपातल्या प्रत्येक रकान्यात काय यायचं ते आधीच ठरलेलं असतं. इथे आकडाच हवा, इथे तारीखच हवी, इथे दिलेल्या यादीतला एकच पर्याय हवा. वयाच्या रकान्यात कुणी 'साठीच्या आसपास' असं लिहून पाठवलं, की पलीकडचं सॉफ्टवेअर तो निरोप परत भिरकावून देतं आणि पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटते. ती कुठून आली, कशामुळे आली आणि आता काय करायचं, हे हेमांगी शोधायची. पुण्यात बाणेरच्या कचेरीत बसून तिनं राज्यभरातल्या दोनशे चाळीस रक्तपेढ्यांच्या चुका बारा वर्षं निस्तरल्या होत्या.

निस्तरायचं म्हणजे शेवटी फोन करायचा. चूक दिसायची पडद्यावर, पण तिचं मूळ कुणाच्या तरी टेबलावर असायचं. परभणीचे एक डॉक्टर तारखेत महिना आधी लिहायचे, कारण ते अमेरिकेत शिकून आले होते आणि ते विसरायला तयार नव्हते. अलिबागच्या एक परिचारिका उंची फूट-इंचांत लिहायच्या आणि सेंटिमीटर सांगितले तर रुसायच्या. या गोष्टी कुठल्या तांत्रिक पुस्तकात नसतात, त्या बोलण्याबोलण्यातून कळतात.

सर्जेराव चौगुल्यांची ओळख अशीच झाली. ते कोल्हापूरच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. रक्तदात्याच्या वजनाचा रकाना तीनशे किलोच्या पुढचा आकडा घेत नसे, आणि कोल्हापूरची एक नोंद सारखी परत येत होती.

"चौगुले, तुमच्याकडे नऊशे नव्व्याण्णव किलोचं कुणी रक्त द्यायला आलं होतं का?" हेमांगीनं विचारलं होतं.

"आलं होतं की मॅडम. माझी मंडळी हाय ती," पलीकडून शांतपणे उत्तर आलं. "तसं वजन एक्कावन्न. पर दुसरा इलाजच न्हाई बघा."

मग चौगुल्यांनी समजावून सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशीवर एक खुंटी आहे असं धरायचं. 'ए' गटाच्या माणसाच्या खुंटीवर एका तऱ्हेची टोपी, 'बी'वाल्याच्या खुंटीवर दुसऱ्या तऱ्हेची, 'एबी'वाल्याकडे दोन्ही, आणि 'ओ'वाल्याची खुंटी मोकळी. पण दहा हजारांत एखादा माणूस असा निघतो, की त्याच्या पेशीवर मुळात खुंटीच नसते. साधी तपासणी फक्त टोपी बघते, त्यामुळे तिच्या लेखी हा माणूस 'ओ'च. त्याला 'ओ'चं रक्त चढवलं तर मात्र त्याचं शरीर त्या मोकळ्या खुंटीवरही तुटून पडतं आणि प्रकरण जिवावर बेततं. मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून याला बॉम्बे गट म्हणतात. या माणसांना चालतं ते फक्त आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाचं रक्त.

चौगुल्यांची बायको शालन त्यांतली. रक्तजाळ्याच्या यादीत मात्र गटांचे आठच पर्याय होते. नववा घालावा म्हणून चौगुल्यांनी चार अर्ज केले आणि चारही कुठल्याशा समितीपुढे धूळ खात पडले. फॉर्ममध्ये सोय नसली की आपल्याकडे माणसं ती शेजारच्या रकान्यात करून घेतात. चौगुल्यांनी तेच केलं. गट 'ओ' आणि वजन ९९९ म्हणजे बॉम्बे. सांगली, मिरज, रत्नागिरी, सोलापूर, जिथे जिथे ओळखीचा तंत्रज्ञ होता तिथे त्यांनी ही खूण सांगून ठेवली. कुणाला नड पडली की वजनात ९९९ टाकून शोधायचं, यादी हजर, असा बेत होता.

"हे काही नियमाला धरून नाही हो," हेमांगी म्हणाली.

"नियमाला धरून ऱ्हायलो तर बायको हातची जाईल की मॅडम."

हेमांगीनं त्या एका आकड्याला स्वतः हातानं सवलत दिली. ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, पण राहून गेलं.

तेव्हापासून कोल्हापूरची चूक आली की हेमांगीला मनातून बरंच वाटे. "आता काय केलं आम्ही?" अशी चौगुल्यांची सुरुवात असायची. कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपे आणि पुढची वीस मिनिटं तिच्या आईचा मोतीबिंदू, शालननं लावलेली भरताची वांगी, नवीन साहेबांचा स्वभाव असं काहीही चाले. बारा वर्षांत दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. भेटायचं कारणच पडलं नाही.

दोन हजार अडतीस साली 'सांधा' आला.

सांधा म्हणजे सॉफ्टवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मध्ये बसणारी बुद्धी. आकड्याच्या जागी मजकूर आला, तारखेच्या जागी आकडा आला, तर तो निरोप परत पाठवत नसे. पाठवणाऱ्याला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधायचा, निरोप तसा दुरुस्त करायचा आणि पुढे ढकलायचा. अंदाज बांधायला तो शिकला होता माणसांच्या जुन्या दुरुस्त्यांवरून. रक्तजाळ्यासाठी त्याला शिकवलं हेमांगीनं. तिच्या बारा वर्षांच्या टिपणवह्या त्यानं अकरा मिनिटांत वाचल्या. मग सहा महिने तो तिला शंका विचारत राहिला आणि ती उत्तरं देत राहिली. एखादं हुशार पोर शिकवल्यासारखं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तिचा त्याच्यावर जीव जडला होता.

सांधा सुरू झाला आणि लाल अक्षरं बंद पडली. महिना गेला, वर्ष गेलं, एकही चूक नाही. हेमांगीला बढती मिळाली. रक्तपेढ्यांमध्ये जाळ्याशी बोलणारी जी माणसं होती त्यांची गरज उरली नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षी चौगुल्यांना निवृत्तीचा कागद मिळाला. शिकवणी चालू असतानाच हे असं होणार हे हेमांगीला माहीत होतं. तिनं ते त्यांना सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर एकदा फोन करावा असं तिच्या फार मनात होतं, पण करायचं काय निमित्तानं? पुढे पुढे तर निमित्तापेक्षा लाजच आड यायला लागली. अशी तीन वर्षं गेली.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला.

"मॅडम, वळाकलासा का?"

तिनं आवाज लगेच ओळखला. चौगुले कधी इतक्या हळू बोलत नसत.

शालनच्या गर्भाशयात गाठ होती. तीन आठवडे रक्तस्राव थांबत नव्हता. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. शुक्रवारी शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि त्याआधी निदान तीन पिशव्या रक्त हाताशी हवं. इस्पितळातल्या तंत्रज्ञ पोरीनं जाळ्यात बघितलं तर 'ओ' गटाचे एक्केचाळीस हजार दाते. चौगुले नको म्हणत असतानाही अकरा पिशव्या शालनच्या रक्ताशी जुळवून पाहिल्या, अकराही नाकारल्या गेल्या.

"त्या पोरीला ९९९ टाकून शोधाया लावलं," चौगुले म्हणाले. "यादीत एक मानूस न्हाई मॅडम. पूर्वी पंचावन्न-साठ होते. माझ्या वळकीचे चौघं. एक पासष्टीच्या फुडं गेला, एकानं गेल्या म्हैन्यात दिलंय, एक मस्कतला. आनि चौथी ही शालनच. बाकीची गेली कुठं?"

"बघते," हेमांगी म्हणाली. "चौगुले, मी बघते. फोन जवळ ठेवा."

तिनं सांध्याला विचारलं. वजन ९९९ असलेल्या नोंदींचं काय झालं?

'अशी एकही नोंद जाळ्यात नाही,' सांध्यानं नेहमीच्या अदबीनं कळवलं. 'गेल्या अकराशे दिवसांत एकही निरोप परत गेलेला नाही. सर्व काही सुरळीत आहे.'

नाही कशी? तिनं मूळ निरोप मागितले. ते वर्षापेक्षा जुने ठेवले जात नव्हते. जे वर्षभरातले होते, त्यांत अशा दोनच नोंदी निघाल्या, आणि दोन्ही दाते नुकतंच रक्त देऊन गेलेले. त्या सांध्यानं दुरुस्त करून पुढे पाठवल्या होत्या, पण दुरुस्त करून काय केलं ते सांध्यापाशी नव्हतं. तो दिवसाला शेकडो अंदाज बांधायचा आणि बांधलेला अंदाज विसरून जायचा. पुढच्या टप्प्यावर नोंदींना नवे क्रमांक पडायचे आणि नावं झाकली जायची. म्हणजे आता एक्केचाळीस हजार 'ओ'वाल्यांमध्ये ती साठ माणसं विरघळून गेली होती, आणि त्यांचं वजन काय झालं असेल कुणास ठाऊक. कोरं ठेवलं असेल, सरासरी घातली असेल, उंचीवरून काढलं असेल. तिनं कोऱ्या वजनाच्या नोंदी काढल्या. त्या नऊ हजार होत्या.

तीन वाजता तिचा वरिष्ठ अभिराम देवचके तिच्या टेबलाशी आला. चौतिशीतला, मनानं चांगला, पण नियमावर बोट ठेवून चालणारा. तिनं सगळं सांगितलं.

"तक्रार नोंदव ना रीतसर," तो म्हणाला. "आठ कामाचे दिवस."

"शुक्रवारी शस्त्रक्रिया आहे."

"पण ताई, चूक झाली असं दाखवायचं कशाच्या आधारावर? आपल्याकडे चूकच नाहीये."

तीन वर्षं याच वाक्याच्या जोरावर कचेरीत पेढे वाटले गेले होते आणि तिनंही ते खाल्ले होते.

बुधवारी सकाळी तिनं चौगुल्यांना फोन लावला तो काही सापडलं म्हणून नव्हे. काहीच सापडत नाही हे सांगायला हवं होतं. चौगुले इस्पितळात शालनच्या खाटेशी बसलेले होते. हेमांगी बोलायला लागणार इतक्यात मागून एका बाईचा बारीक, चिडका आवाज आला.

"काय म्हणतायत वहिनी?" हेमांगीनं विचारलं.

"काय न्हाई हो. तिच्या फोनवर रोज सकाळी येतंय त्ये आलंय. कुठली ती सरकारची आरोग्यसखी का काय. भात कमी करा, गोड सोडा, तासभर चाला. हितं हाताची हाडं मोजून घ्यावीत अशी गत झाल्या, आनि ही बया म्हनती भात सोडा. दोन-तीन वर्सं छळ चाललाय. वैतागलीय ती."

आरोग्यसखीला माणसांची वजनं रक्तजाळ्यातूनच जातात, हे हेमांगीला आठवलं.

"चौगुले, तो निरोप मला जसाच्या तसा वाचून दाखवा."

"आता ह्यो?"

"आता. एकही शब्द सोडू नका."

चौगुल्यांनी चष्मा शोधला आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं. "प्रिय शालनताई. आपले वजन नव्व्याण्णव पॉइंट नऊ किलो आहे. आपल्या उंचीच्या मानाने…"

पुढचं हेमांगीला ऐकू आलं नाही. तिला एक शुक्रवार आठवला. शिकवणीचा शेवटचा आठवडा, दुपारची साडेचारची वेळ, सांध्याच्या पाचशेहून जास्त शंका पडद्यावर रांगेत उभ्या आणि तिला आईला घेऊन डॉक्टरांकडे जायचं होतं. त्यांतली एक शंका होती वजनाची. तीनशे किलोच्या वरची काही वजनं आढळली आहेत, दशांश चिन्ह सुटलेलं दिसतं, दुरुस्त करू? तिनं 'होय' म्हटलं होतं. तिच्या आधीच्या वीस आणि नंतरच्या तीस शंकांनाही तिनं बघता बघता 'होय'च म्हटलं होतं. वह्यांमध्ये ती सवलत लिहिलेली असती तर सांध्यानं विचारलंही नसतं. बिचाऱ्यानं विचारलं होतं. तीच विसरली होती.

तिनं गट 'ओ', वजन ९९.९ असं शोधलं. त्रेसष्ट नोंदी आल्या. कराडचा एक, गडहिंग्लजच्या दोघी, मिरजेचे सात, रत्नागिरीचे चार. त्रेसष्टच्या त्रेसष्ट माणसांचं वजन ग्रॅमपर्यंत सारखं. खाली दाखवलेली त्यांची उंची पाच फुटांपासून सव्वासहा फुटांपर्यंत होती. हेमांगी तिथेच टेबलावर डोकं टेकून दोन मिनिटं बसली.

मग तिनं झाकलेली नावं उघडण्याची आज्ञा दिली. तसा अधिकार तिला होता, पण तो वापरला की कारण लिहावं लागे आणि खाली सही करावी लागे. कारणाच्या जागी तिनं लिहिलं, 'माझ्याकडून झालेली चूक', आणि सही केली. अभिरामनं ते पाहिलं आणि तिच्यासाठी चहा मागवला.

वयात न बसणारे आणि नुकतंच रक्त दिलेले वगळून सदतीस माणसं उरली. हेमांगीनं यादीचे दोन भाग केले. अर्धी नावं चौगुल्यांना वाचून दाखवायच्या आधी ती म्हणाली, "एक सांगायचंय. ही माणसं माझ्यामुळे हरवली. सांध्यानं मला विचारलं होतं आणि मी न बघता होय म्हटलं. आणि तुमची नोकरी जाणार हे मला सहा महिने आधी माहीत होतं. तेव्हाही मी बोलले नाही."

पलीकडे चौगुल्यांनी कागद ओढल्याचा आवाज आला. मागे कुठेतरी स्टीलचं भांडं पडलं.

"नावं सांगा मॅडम," चौगुले म्हणाले.

बुधवारचा उरलेला दिवस आणि गुरुवारची सकाळ दोघांनी फोन केले. जुने क्रमांक बरेच बदललेले होते. ज्यांना लागायचा त्यांना हेमांगी पहिला प्रश्न हाच विचारायची, की तुम्हाला वजन कमी करायचे निरोप येतात का हो? लोक भडकायचे. जयसिंगपूरच्या पार्श्वनाथ मगदूम यांचं सायकलचं दुकान होतं. ते म्हणाले, "बाई, मी छप्पन्न किलोचा मानूस. त्या निरोपामुळं माझ्या घरच्यांनी माझं तूप बंद केलंय दोन वर्सं. म्हंत्यात, सरकार काय खोटं सांगंल?" मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या जुलेखा मुल्लाणी यांनी ते निरोप आधी फार मनावर घेतले होते, मग कंटाळून क्रमांकच अडवून टाकला होता. गारगोटीचे एस. टी. वाहक संदेश कांबळे म्हणाले, "माझा गट बॉम्बे हाय हे मलाच सांगितलं होतं चौगुलेसायबांनी. त्यांच्या घरचं आजारी हाय व्हय? मग इचारायचं काय त्यात."

अकरा जण सापडले. दोघांना ताप होता, एकीचं हिमोग्लोबिन कमी निघालं, काही लांब होते. गुरुवारी दुपारी दोन वाजेपर्यंत मगदूम, मुल्लाणीबाई आणि कांबळे इस्पितळात पोचले. तिघांचंही रक्त शालनच्या रक्ताशी जुळवून पाहिलं. तिन्ही जुळलं. पेढीतल्या पोरीनं त्यांचं वजन केलं तेव्हा मगदुमांनी काट्याचा फोटो काढून घेतला, घरी तूप मागायला पुरावा हवा म्हणून.

शुक्रवारी हेमांगीनं काहीच काम केलं नाही. पडद्यासमोर बसून ती सांध्याकडून हिरवे अहवाल घेत राहिली आणि एकही वाचला नाही. दुपारी पावणेचारला चौगुल्यांचा फोन आला.

"बाहीर आणली. बोलली. पानी मागितलं."

"वहिनींना विश्रांती घ्यायला सांगा," हेमांगी म्हणाली. फोन ठेवल्यावर ती कचेरीच्या जिन्यात जाऊन पोटभर रडली.

सोमवारी तिनं अहवाल लिहिला. नववा रक्तगट यादीत घ्यावा. त्रेसष्ट माणसांच्या नोंदी सुधाराव्या. आणि रक्तगट, वजन, औषधाची मात्रा, ॲलर्जी, या रकान्यांत सांध्यानं अंदाज बांधणं बंद करावं. कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं आणि निरोप माणसाकडे परत पाठवावा.

"म्हणजे रोज चाळीस-पन्नास चुका दिसतील," अभिराम म्हणाला. "वरचे विचारतील, इतकं चांगलं चाललं होतं ते बिघडलं कसं."

"सांग, की हेमांगीताईंनी बिघडवलं."

"तुझं नाव मी खोडणार होतो त्यातून."

"राहू दे रे. जे लिहून ठेवायचं ते तेव्हा मी लिहिलं नाही, म्हणूनच हे झालं."

सांध्याला नवी आज्ञा द्यायला तिला चार दिवस लागले. अंदाज बांधायला शिकलेल्या बुद्धीला थांबायला शिकवणं हे भलतंच किचकट काम निघालं. तो सारखा विचारायचा, 'माझी खात्री सत्त्याण्णव टक्के आहे, तरीही थांबू?' तिनं या वेळी प्रत्येक शंका पूर्ण वाचली आणि प्रत्येकीचं कारण वहीत लिहिलं. वैताग आला, तरी त्या पोरावर राग मात्र धरता येईना.

पुढच्या रविवारी ती कोल्हापूरला गेली.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत शालन उशीला टेकून बसली होती. फोटोतसुद्धा कधी न पाहिलेली बाई, पण तिच्या वांग्यांची आणि तिच्या रागाची हेमांगीला इतकी माहिती होती, की ती सरळ तिच्या खाटेवरच जाऊन बसली. शालननं तिचा हात हातात घेतला आणि तोंडावरून हात फिरवला. "लई वाळलायसा की," ती म्हणाली. "फोनवर आवाज कसा ठसठशीत येतो. मला वाटलं धिप्पाड बाई आसंल."

चौगुले खिडकीशी उभे होते. पांढरा सदरा, केस अगदी पिकलेले, हेमांगीच्या कल्पनेपेक्षा बरेच बुटके. तिनं नमस्कार केला. त्यांनी केला. मग त्यांनी प्रवास नीट झाला का विचारलं. तिनं झाला म्हणून सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, परत मागे घेतली, पाण्याची बाटली उचलून तिच्याजवळ ठेवली. बारा वर्षं फोनवर अखंड बोललेला माणूस समोर आल्यावर दगडासारखा उभा होता. हेमांगीचंही तेच झालं होतं. तिनं येताना गाडीत किती तरी वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना.

"चा सांगून येतो," म्हणून चौगुले बाहेर गेले.

दोन मिनिटांनी हेमांगीचा फोन वाजला. पडद्यावर त्यांचंच नाव होतं. तिनं दाराकडे पाहिलं. ते बाहेर व्हरांड्यात, कठड्याला टेकून, खोलीकडे पाठ करून उभे होते.

"बोला चौगुले."

"मॅडम, हितनं जरा बरं पडतं बोलाया," ते म्हणाले. आवाज आता नेहमीसारखा होता. "तीन वर्सं मी तुमच्यावर लई रागावलो होतो. नोकरी गेली म्हनून न्हवं. ती आज ना उद्या जानारच होती. मला वाटलं, काम होतं तवर मॅडम बोलल्या, काम सरलं, चौगुल्या सरला. मी रोज फोन बघायचो."

"मीही बघायचे," हेमांगी म्हणाली. "हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. कुठल्या तोंडानं करायचा कळत नव्हतं."

"शालन गेली असती तर तुमाला माफ केलं नसतं मी. खोटं कशाला सांगू."

"नसतंच करायला हवं होतं."

"आता हाय ती," चौगुले म्हणाले, आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. "आनि तुमी शोधून काढलीसा त्रेसष्ट मानसं. एकीसाठी शोधलीसा, पर उद्या त्रेसष्टांची नड भागंल. ते बी खोटं न्हाई."

शालन दोघांकडे आलटून पालटून बघत होती, एक दाराबाहेर, एक खाटेवर, मधे दहा पावलं.

"चूक नसली तरी फोन करत चला मॅडम," चौगुले म्हणाले. "येवढंच म्हनायचं होतं."

"करीन," ती म्हणाली. "दर सोमवारी करीन."

शालननं हात पुढे करून हेमांगीच्या हातातला फोन काढून घेतला आणि कानाला लावला. "अवो, झालं आसंल तर आत या," ती नवऱ्याला म्हणाली, "आनि येताना त्यांचा चा घेऊन या. बिनसाखरेचा घेत्यात म्हनं त्या, तुमीच सांगितलं होतं."